सीटखालची चिठ्ठी

गाडी घेतली तेव्हा बैलहोंगलच्या बाईंनी
किल्ली दिली, आरसी दिली,
टाकीत पेट्रोल किती तेही सांगितलं.
चिठ्ठीचं काही बोलल्या नाहीत.
ती निघाली सीटखाली, प्लगच्या पान्याला गुंडाळलेली,
ऑइल पिऊन आरपार दिसणारी.

हंचिनमनींचं अक्षर. कानडी, उताराला लागलेलं.
मला कानडी येतं ते बसच्या पाट्यांपुरतं,
एकेक अक्षर बेअरिंगसारखं फिरवून बघावं लागतं.
गावाचं नाव एकही नव्हतं त्यात.
फणस, डावीकडं.
साखळी. हाक मार, रामा येईल.
ओढा. मधे थांबू नको.
नायि. म्हणजे कुत्रा.
आणि शेवटी, खाली दोन रेघा मारून:
इल्लि निल्लु.
इथं थांब.

उद्यमबागेतलं लेथ तीन दिवस बंद ठेवलं.
जांबोटीच्या पुढं कुठंतरी डांबर
बोलता बोलता विसरल्यासारखं संपलं
आणि तांबडी माती सुरू झाली, जात्याखालच्या पिठासारखी मऊ,
खाली काय आहे ते चाक आत गेल्यावरच सांगणारी.
फूटपेगवर उभा राहिलो की गाडी माझं ऐकायची,
बसलो की तिचं सुरू.
हे तीनदा पडून शिकलो.
चौथ्यांदा पडलो ते उगीच.

फणस सापडला. फॉरेस्टची साखळीही सापडली.
हाक मारली.
रामा आला नाही, एक बारकी पोरगी आली,
कुलूप नुसतंच अडकवलेलं, तिनं काढलं.
"आजा गेला न्हवं, दोन वरसं झाली."
मग इंजिनाकडं कान करून, माझ्याकडं बघून,
"गाडी तीच आणलाय, पण तुमी त्ये न्हवं."

कुत्रा नव्हता. किंवा त्या दिवशी नव्हता.

ओढ्यात मधे थांबलो नाही;
क्लचची केबल तुटली, तीच थांबली.
पाव मिलिमीटरला गिऱ्हाइकाशी भांडणारा मी
गुडघाभर पाण्यात उभा,
केबलचं डोकं शोधतोय, ते खेकड्यांच्या गावाला गेलेलं.
रात्री गवळ्याच्या ओसरीवर, लखूनं
बंद पडलेल्या बल्बचा होल्डर फोडून दिला.
त्यातला पितळी स्क्रू केबलवर आवळला,
उरलेलं पायरीच्या दगडावर घासून घासून बसवलं.
त्याची बायको कंदील धरून उभी. म्हणाली,
"येवढ्या रातीला माणूस चपातीबी येवढी गोल करत न्हाई."
आंबील दिली. कुठले म्हणून विचारलं.
बेळगाव म्हटलं तर, "म्हंजे लांबचे," म्हणाली,
आणि विषय संपला.

तिसऱ्या दिवशी दुपारी वाट झाडीतून वर आली
आणि एकदम आभाळ.
सडा. काळा, उघडा कातळ,
जानेवारीचं वाळकं गवत, वारा इतका
की स्टँडवरची गाडी हलत होती.
चिठ्ठीतलं सगळं संपलेलं, एक ओळ सोडून.
थांबलो.
दृश्य म्हणावं तर असं काही नाही. देऊळ नाही, दरी धुरकट.
बसता येईल असा एक दगड, कुणीतरी मुद्दाम सरळ लावलेला.
त्यावर बसलो. हे बघायला का थांबायचं, हंचिनमनी?

तेवढ्यात खिशात फोन थरथरला.
मग पुन्हा. मग थांबेचना.
दोन दिवसांचे सतरा मेसेज, बायकोचे अकरा.

बायकोला सांगितलं, पोचतो.
मग आरसीच्या वेळी घेतलेला नंबर शोधला, का ते कळलं नाही.
"हलो," बाई म्हणाल्या.
मी नाव सांगायच्या आधीच वारा फोनमध्ये शिरला
आणि त्या गप्प झाल्या.
बराच वेळ तो वाराच बोलत होता.
मग म्हणाल्या, "सड्यावर आहात."
विचारलं नाही, सांगितलं.

आणि बहुतेक सवयीनं,
"ऊटा आतेन्री?"
मी म्हणालो, "इन्ना इल्री."
येवढं कानडी मला बसच्या पाट्यांनी शिकवलेलं नाही.